शाळेतला कोळी, घरातला कोळी

हिरेवाडीच्या शाळेत खिचडी शिजायला लागली त्याच वर्षी पावसानं हात आखडता घेतला. गणपती बुडवायला पाणी शोधावं लागलं. दसऱ्याआधीच शाळेमागचा बोअर खरखरला आणि मग नुसती हवा द्यायला लागला. तेव्हापासून खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाईचा दिवस ओढ्याकाठच्या विहिरीवर सुरू व्हायचा. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, अशा सहा खेपा. मागून लहान कळशी घेऊन तिची मुलगी सौंदर्या. सहाव्या खेपेला अंबूबाईची मान ताठलेली असायची. घागर उतरवली तरी ती काही वेळ डोक्यावर ओझं असल्यासारखीच चालायची. सौंदर्याला त्याचं हसू यायचं.

"हसतीस व्हय? चल, चुलीला फुंकर घाल," अंबूबाई म्हणायची.

शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. तात्या गुरुजी मुख्याध्यापक. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. दुसऱ्या नंदिनीबाई, कोल्हापूर शहरातल्या. गडहिंग्लजला खोली घेऊन राहायच्या आणि सकाळच्या एसटीनं यायच्या. त्या आल्यापासून पहिली-दुसरीची पोरं रडत यायची थांबली होती. ऑफिसच्या भिंतीवर गुरुजींच्या वळणदार अक्षरातला तक्ता होता. एकूण पट अठ्ठावन्न. मुलगे किती, मुली किती, अनुसूचित जाती किती, भटक्या किती, इतर मागास किती. दर महिन्याला गुरुजी ते आकडे पुसून खडूनं पुन्हा लिहीत. तालुक्याला पत्रक जाई.

सहामाहीच्या आधी तालुक्याचे साहेब गुणवत्ता तपासायला आले. पोरांनी पेपर लिहिले. साहेबांनी ते दुपारी ऑफिसात बसून तपासले आणि मग सगळ्या शाळेला व्हरांड्यात बसवलं. बाहेर आलेले चार-पाच पालकही होते. अंबूबाई डाव हातात घेऊन दाराशी उभी होती. खिचडी उतरायची वेळ झाली होती.

"कोळ्याविषयी दोन वाक्यं लिहा, असा प्रश्न होता," साहेब म्हणाले. त्यांनी एक पेपर उचलला. "ऐका. 'कोळी पहाटे ओरडतं. मग अव्वा उठते.'"

पालक हसले. साहेबही हसले. "ही कोण सौंदर्या? ऊठ बघू. तुमच्याकडचा कोळी ओरडतो का गं? कसा ओरडतो, ओरडून दाखव."

सौंदर्या उभी राहिली. तिला खरंच वाटलं की ओरडून दाखवायचं आहे. तिनं तोंड उघडलं आणि बारीक आवाजात "कुकूऽऽच कू" केलं.

मग जे हसू उठलं ते बराच वेळ बसलंच नाही. तिनं दाराकडं पाहिलं. दाराशी उभी तिची अव्वा हसत नव्हती. तिचे ओठ हलले, ती काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग तिनं डाव पदराखाली धरला आणि वळून चुलीकडं गेली.

साहेबांनी शेरा लिहिला. शाळेला श्रेणी 'ड'.

संध्याकाळी पालकांची बैठक बसली. गडहिंग्लजच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी त्या वर्षी तिठ्ठ्यापर्यंत यायला लागली होती. बाळासो, सौंदर्याचे अप्पा, गुऱ्हाळावर रस आटवायच्या कामाला होते. ते तसेच, अंगाला काकवीचा वास घेऊन येऊन मागं बसले.

"गुरुजी, आमी सरळच बोलतो," एकजण म्हणाला. "पोरं कोंबड्यागत आरडायला शिकायची असली तर ती घरातबी शिकत्यात. आमी बारा घरं आमची बारा पोरं काडणार."

"बारा?" गुरुजींनी चष्मा काढला. "बारा गेली की पट शेहेचाळीस. पन्नासाच्या खाली गेला की एक शिक्षक जास्तीचा ठरतो. बाईंची बदली होईल. मग चार वर्ग आणि मी एकटा."

"मग शेरा सुधारा की. कोण नको म्हंतंय?"

"संक्रांतीच्या आधी साहेब परत येणार आहेत," नंदिनीबाई म्हणाल्या. "तेवढं थांबा. पुन्हा 'ड' आला तर न्या. मी अडवणार नाही."

लोक कुरकुरले, पण थांबले. घरी आल्यावर दारात पाय धुताना अप्पा म्हणाले, "ती बाई गेली तर ह्या पोरीचं काय, अंबू? आपल्याला कुठली पिवळी गाडी?"

दुसऱ्या दिवशी सौंदर्या वर्गात गेलीच नाही. पोटात दुखतंय म्हणून चुलीपाशी बसली. अंबूबाई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. त्या तांदळात खडे फार. नंदिनीबाई लहान सुट्टीत आल्या आणि समोर उकिडव्या बसून त्याही वेचायला लागल्या.

"सौंदर्या, खरं सांग. कोळी म्हणजे काय, ठाऊक नव्हतं तुला? चित्र दाखवलं होतं की मी, जाळ्यातलं."

अंबूबाईनं सूप खाली ठेवलं.

"बाई, चूक माजी हाय. मी कालच बोलाय पायजे हुतं. साहेब हसाय लागलं आनि माजी जीबच उचलंना झाली." ती सुपाकडंच बघत बोलत होती. "आमच्यात कोळी म्हंजे कोंबडी, कोंबडाबी."

"म्हणजे?"

"कानडीत. घरात कानडीच की आमच्या. पोरीनं बरोबर लिवलंय. पहाटं कोळी आरडतं आनि मी उटतो."

"पण तुमच्यात तर कोंबड्या—"

"आमच्यात खात न्हाईत, पाळतबी न्हाईत. पण शेजारी मुजावराचं कोंबडं आरडल्यालं ऐकू येतंयच की, बाई. त्याला कुठं कळतंय लिंगायताचं घर कुठलं."

नंदिनीबाई हसल्या नाहीत. उठून ऑफिसात गेल्या आणि पेपरांचा गठ्ठा घेऊन आल्या. तिथंच चुलीपाशी बसून एकेक वाचायला लागल्या. "हे बघा. 'हत्ती वेचायला अव्वा जाते.' मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय."

"हत्ती म्हंजे कापूस."

"आणि 'मनी दूध पिते, हे वाक्य चूक'? खाली लिहिलंय, 'मनी दूध पीत न्हाय, मनीत माणसं ऱ्हात्यात.'"

"मनी म्हंजे घर." अंबूबाईला आता हसू आवरेना. "मांजराला घर म्हंतंय पुस्तक, तर पोरानं काय करावं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग हळू आवाजात विचारलं, "अंबूबाई, अशी किती मुलं आहेत शाळेत? घरी कानडी बोलणारी? तक्त्यात जात आहे, मुलगे-मुली आहेत, हे कुठंच नाही. वर्गात तर सगळी मराठीच बोलतात."

"वर्गात न्हाय कळायचं. जेवताना या."

त्या दिवशी नंदिनीबाई वही घेऊन पंगतीला उभ्या राहिल्या. अंबूबाई डावानं वाढत पुढं सरकत होती. एक डाव, दुसरा डाव, आणि पोराचा हात ताटलीवर आडवा येई. कुणी म्हणे "बास", कुणी म्हणे "साकु".

"साकु म्हंत्यात ती आमची," अंबूबाई मान न वळवता म्हणाली. "बास म्हंत्यात ती तुमची. पोट भरल्यावर कुनाला खोटं बोलाय येत न्हाय."

पंगत संपली तेव्हा वहीत दोन ओळी होत्या, रेघांनी भरलेल्या. बास सत्तावीस. साकु एकतीस.

नंदिनीबाईंनी तो आकडा ऑफिसातल्या तक्त्याखाली खडूनं लिहिला आणि वर एक नवा रकाना आखला. गुरुजी म्हणाले, "बाई, पत्रकात हा रकाना नाही." बाई म्हणाल्या, "भिंतीवर तर जागा आहे, गुरुजी."

मग ती भिंतच कामाला लागली. चुलीशेजारची, धुरानं काळवंडलेली. बाईंनी पांढऱ्या खडूनं मधोमध रेघ ओढली. डावीकडं घरचे शब्द, उजवीकडं शाळेचे. सकाळी अंबूबाई पाणी ओतताना, डाळ धुताना शब्द सांगायची आणि बाई लिहायच्या. साली म्हणजे शाळा. आनी म्हणजे हत्ती. अंबूबाईनं 'आनी' सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आणि? आणि काय?" ती म्हणाली, "आनी." बाई म्हणाल्या, "हो, आणि पुढं?" असं चार वेळा झालं. शेवटी अंबूबाईनं डाव नाकाला लावून सोंड हलवून दाखवली. चौथीचा वर्ग खिडकीत गोळा होऊन हसला. त्या हसण्यात सौंदर्याही होती. पोटात दुखायचं थांबलं होतं.

घरच्या शब्दाला बाई कधी चूक म्हणाल्या नाहीत. 'कोळी' लिहिलं की विचारायच्या, "हा कुठला?" पोरं ओरडायची, "घरातलाऽ" किंवा "शाळेतलाऽ". बास म्हणणारी पोरंही कानडी शब्द पाठ करायला लागली.

अंबूबाईला अक्षर येत नव्हतं. पण चुलीपाशी बसल्यावर समोर भिंत. डावीकडचा पहिला शब्द आणि उजवीकडचा पहिला शब्द एकसारखाच दिसायचा, कारण दोन्हीकडं 'कोळी'च. एकापुढं कोंबडी काढलेली, एकापुढं जाळं. ती डाळ शिजेपर्यंत त्या दोन सारख्या शब्दांकडं बघत राही आणि काटकीनं राखेत तसंच काहीतरी ओढी. सौंदर्यानं एकदा पाहिलं. वेलांटी उलट्या बाजूला होती. ती सांगणार होती, पण अव्वानं हातानं राख सारखी करून टाकली.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. बीडकडची माणसं. ओढ्यापलीकडच्या पडीक रानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. विहिरीवर आता रांग लागायची. तिथंच विठाबाई भेटली. तोडकरीण, हडकुळी, हाताला पाचटाचे चरे. तिच्याबरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर लहान भाऊ.

"काय नाव गं तुजं?" अंबूबाईनं विचारलं.

"सत्यभामा."

"एवडं मोटं? साळंत जातीस?"

"गावाकडं होती तिसरीत," विठाबाई म्हणाली. "इथं कामून जाईल, माय? लेकराला कोण धरील? आम्ही चार वाजता फडावर."

"लेकराला घेऊनच ईल की. खिचडी हाय. मी हाय."

विठाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "मास्तर घेईल?"

"का न घ्यायला? साळा काय मास्तरच्या बापाची हाय?"

दुसऱ्या दिवशी सात पोरं आली. सत्यभामा पुढं, कडेवर भाऊ. पायांत काही नाही, केसांत पाचटाचे तुकडे. अंबूबाईनं त्यांना पंगतीत बसवलं. ताटल्या कमी पडल्या म्हणून घरनं चार आणल्या. पहिला डाव, दुसरा डाव. कुणी हात आडवा केला नाही. तिसरा डाव. त्यांनी 'बास' म्हटलं नाही, 'साकु'ही नाही. ताटल्या पुढं धरलेल्याच राहिल्या. अंबूबाई वाढत राहिली. पातेल्याचा तळ खरवडला तेव्हाच थांबली. त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही, हे सौंदर्याला घरी गेल्यावर चुलीवरची भाकरी करपेपर्यंत कळलं नाही. भुकेनं अव्वाचं तव्याकडं लक्षच नव्हतं; एरवी तिच्या भाकऱ्या करपत नसत.

तात्या गुरुजींनी अंबूबाईला ऑफिसात बोलावलं. सौंदर्या दारात.

"अंबूबाई, पोरं आणलीस, चांगलं केलंस. पण अडचण समजून घे. यांची नावं घातली तर पट पासष्ट. बारा गेले तरी त्रेपन्न, पण तोडणी संपली की ही सातही जाणार आणि बाईंची बदली ठरलेलीच. त्यात साहेब गुण काढणार सगळ्यांचे मिळून. ही पोरं दरसाल निम्मं वर्ष शाळेत, निम्मं रानात. हजेरीपटावर घेतली की आपली टक्केवारी बुडते. पुन्हा 'ड'."

"मग?"

"परीक्षा होऊ दे. मग नावं घालू. तोवर जेवू दे त्यांना. वर्गात नको."

अंबूबाईनं पदर कमरेला खोचला. ती गुरुजींपुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"गुरुजी, हातात ताटली द्यायची आनि पाटीला नको म्हनायचं, ही कुटली रीत? त्यास्नी वाटंल, आपुन भिकारी हाय."

"अगं, माझ्या मनात तसं—"

"तुमच्या मनात न्हाय, ठाव हाय मला. पण मी एकदा गप्प बसलो तर माजी पोर सगळ्या गावात कोंबडी झाली. आता न्हाय गप बसनार."

गुरुजींनी तक्त्याकडं पाहिलं. नंदिनीबाई खिडकीपाशी उभ्या होत्या, त्यांची बदली ज्यावर ठरणार होती तो आकडा त्याच तक्त्यावर होता. त्या म्हणाल्या, "घाला नावं, गुरुजी. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

गुरुजींनी खडू उचलला. अठ्ठावन्न पुसून पासष्ट लिहिलं.

पुढचे सहा आठवडे सौंदर्याला पुढं आयुष्यभर आठवत राहिले. सकाळी पाणी. मग चुलीपाशी बाई आणि तिसरी-चौथी, भिंतीसमोर. अंबूबाईच्या पाठीवर सत्यभामाचा भाऊ बांधलेला, म्हणजे सत्यभामाला लिहायला दोन हात मोकळे. पोर झोपलं की अंबूबाई वाकून ढवळायची ती तशीच अर्धी वाकलेली राहायची, उठलं तर रडेल म्हणून. भिंतीवर तिसरी रेघ आली. पहिल्याच दिवशी जाळ्याचं चित्र बघून सत्यभामा म्हणाली होती, "याला तर आम्ही कोष्टी म्हणतो." बाईंनी तेही लिहिलं. संध्याकाळी अव्वाच्या कमरेला सौंदर्या एरंडाचं पान गरम करून बांधायची.

संक्रांतीच्या आठवड्यात साहेब आले. बारा घरांतली माणसं व्हरांड्यात आधीच येऊन बसली होती. पेपर झाले, तपासून झाले. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पट वाढवलाय तुम्ही," ते गुरुजींना म्हणाले. "परीक्षेच्या तोंडावर पट वाढवणारी शाळा मी पहिल्यांदा बघतोय." मग त्यांची नजर सौंदर्यावर गेली. ते विसरले नव्हते. "काय, कोंबडीबाई? आता तरी सांग. कोळी म्हणजे काय?"

सौंदर्या उठली. तिनं दाराकडं पाहिलं. अव्वा उभी होती. पाठीवर पोर, हातात डाव. या वेळी डाव पदराखाली नव्हता.

"कुठला, साहेब?" सौंदर्या म्हणाली. "शाळेतला का घरातला?"

व्हरांड्यातली माणसं पुढं झुकली.

"म्हणजे? कोळी किती असतात?"

"शाळेतला जाळं विणतो. त्याला आठ पाय. घरातला म्हणजे कोंबडा. कानडीत. तो पहाटे ओरडतो."

मागून सत्यभामा उठली, कुणी न विचारता. "आणि आमच्याकडं शाळेतल्याला कोष्टी म्हणतात, सर."

साहेबांनी दोघींकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. "कुणी शिकवलं हे?"

"बाईंनी," सौंदर्या म्हणाली.

"अंबूबाईंनी," नंदिनीबाई त्याच वेळी म्हणाल्या.

साहेब चुलीपाशी गेले. भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. मधेच म्हणाले, "मनी म्हणजे घर?" आणि स्वतःशीच हसले. या हसण्यात कुणी लहान झालं नाही. परत आले तेव्हा त्यांनी आधी सौंदर्याचा जुना पेपर मागवला. गुरुजींनी तो शोधून दिला. साहेबांनी लाल पेनानं फुली खोडली आणि शेजारी दोन गुण लिहिले.

"पोरी, मागच्या वेळी चूक माझी होती," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

शेरा 'अ' आला नाही, 'ब'ही नाही. 'क' आला. सात नवी पोरं धरून. व्हरांड्यात चुळबुळ झाली. मग मागच्या वेळी कोंबड्याचं बोललेला तोच माणूस उठला. "क तर क. चढलीय न्हवं एक पायरी? माज्या पोराला ऱ्हाऊ दे हितंच." त्या वर्षी पिवळ्या गाडीत चौघंच चढली. नंदिनीबाई पुढं सात वर्षं हिरेवाडीत राहिल्या.

त्या दुपारी पंगतीत अंबूबाई वाढत होती. सत्यभामाच्या ताटलीत एक डाव, दुसरा डाव. तिसऱ्याला मुलीनं हात आडवा केला.

"साकु," ती म्हणाली.

अंबूबाई तिथंच थांबली. डावातली खिचडी पुन्हा पातेल्यात पडली. तिनं पदरानं डोळे पुसले. ओलं लाकूड होतं, धूरही होता.

जाताना साहेबांनी खिचडीची वही मागितली. स्वयंपाकिणीच्या रकान्यात महिनाभर अंगठे होते. "आजचा राहिलाय," ते म्हणाले. गुरुजींनी शाईची डबी उघडली.

"पेन द्या," अंबूबाई म्हणाली.

तिनं वही मांडीवर घेतली आणि भिंतीकडं बघत बघत, जीभ दातात धरून, काढलं. कोळी. वेलांटी उलट्या बाजूला.

"अगं, हे तुझं नाव नव्हे," गुरुजी म्हणाले.

"माजं नाव सगळ्यास्नी ठाव हाय," ती म्हणाली. "ह्येच न्हवतं कुनाला ठाव."

बऱ्याच वर्षांनी, अंबूबाई गेल्यावर, तिच्या कामाच्या दाखल्यासाठी सौंदर्या शाळेत गेली. ती स्वतः आता सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या एका शाळेत शिकवत होती. चुलीच्या जागी गॅसची खोली झाली होती आणि भिंतीला निळा रंग. नव्या मुख्याध्यापिकेनं कपाटातल्या जुन्या वह्या काढून दिल्या. तरुण बाई, नीटस.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "अंबूबाई म्हणून कुणाची सहीच सापडत नाही. वर्षानुवर्षं या कोळीबाईंचीच सही आहे. तालुक्याच्या क्लार्कनी तर पत्रकात प्रवर्गही कोळीच लावलाय."

सौंदर्यानं वही पुढं ओढली. पानामागून पान. रोज एक कोळी. पहिल्या वर्षी वेलांट्या उलट्या, काही पानांवर हळदीचा डाग. मग एका पावसाळ्यापासून वेलांटी सरळ झालेली. शेवटच्या महिन्यांत अक्षर पुन्हा थरथरलेलं, पण वेलांटी जागेवर. तिनं एकेका सहीवरून बोट फिरवलं. घागर उतरवल्यावरही ताठ राहिलेली अव्वाची ती मान तिला दिसली.

"या कोळी कोण होत्या, तुम्हाला माहीत आहे?" मुख्याध्यापिकेनं विचारलं.

"शाळेतल्या विचारताय का घरातल्या?" सौंदर्या म्हणाली.

समोरच्या बाईला काही कळलं नाही. सौंदर्यानं वही मिटली आणि तळहातानं वरची धूळ सारखी केली.

"दोन्हीकडच्या एकच होत्या," ती म्हणाली. "माझी आई."